रिश्ता आणि तोंडाचा कॅन्सर

मुलीच्या अब्बांना तोंडाचा कॅन्सर झाल्याचे कळते आणि ठरत आलेला रिश्ता मोडतो. "त्यांच्या खानदानातच हा रोग आहे," असे कारण दिले जाते. घरातही रुग्णाचे ताट-पेला वेगळा काढला जातो. दोन्ही गोष्टी गैरसमजातून होतात, म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

आपल्या पेशींत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. पेशीने केव्हा विभागायचे, हे ठरवणारीही जनुके असतात. त्यांतले सायक्लिन डी-१ नावाचे प्रथिन तयार करणारे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. तंबाखू, सुपारी, बिडी यांचा मारा तोंडातल्या अस्तरावर वर्षानुवर्षे होत राहिला की पेशींत अनेक बिघाड साठतात. त्यातच कधी या जनुकाच्या दोनाऐवजी कितीतरी जादा प्रती तयार होतात. यालाच जनुकाचे प्रवर्धन म्हणतात. मग विभाजनाचा हुकूम थांबत नाही आणि गाठ वाढत जाते. डोके व मानेच्या कॅन्सरच्या साधारण एक तृतीयांश गाठींत हे प्रवर्धन आढळते.

महत्त्वाची बाब अशी की, या जादा प्रती फक्त गाठीतल्या पेशींत असतात. त्या माणसाच्या हयातीत, त्याच्याच तोंडात तयार झालेल्या असतात. त्या औलादीत उतरत नाहीत आणि एका ताटात जेवल्याने कुणाला लागतही नाहीत. औलादीत उतरते ती सवय. दादीच्या पानदानातली सुपारी नातवाच्या हाती जाते ती अशीच.

"आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असे अनेक भगिनी सांगतात. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसती सुपारीही कॅन्सरकारक ठरवली आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. पानदानावरची बंदी मात्र घरच्यांनीच घालायची आहे. रमजानमध्ये सहेरीपासून इफ्तारपर्यंत तोंडात काहीही न घालणाऱ्या माणसाला ही सवय सोडणे अशक्य नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे.

तेव्हा रिश्ता पाहताना मुलीच्या अब्बांच्या आजारापेक्षा मुलाच्या खिशातल्या पुडीची चौकशी करावी. आणि घरात कुणाच्या तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर लाज न बाळगता दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. वेळेत सापडलेला हा कॅन्सर बरा होऊ शकतो.