मागच्या चाकाची सोयरीक



ज्वारीची पाहणी करून मंगळवेढ्याकडून परतताना एक दूधवाले शेतकरी वाटेत भेटले. कॅरिअरला दोन किटल्या, मागचे चाक लटपटते, सायकल हाताने ढकलत चाललेले. सायकल लेकीची, सात गिअरची. स्वतःची साधी सायकल घरी पडून, म्हणून दूध हिच्यावर, आणि मुलगी चार दिवस कॉलेजाविना घरी. "साहेब, दुकानदार म्हणतो हब, गिअर, खटका सगळंच बदला. बदलू का?"

म्हटले, "मामा, आधी चाक काढा, बघू."

गिअरची चक्रे हबवर दोन तऱ्हांनी बसतात. एकीत पूर्ण फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसवतात. दुसरीत चक्रे हबच्या खाचांत सरकवतात, तिला कॅसेट म्हणतात. ओळख सोपी आहे. चक्रे उलटी फिरवा. पान्याची मधली खाच जागेवर थांबली तर आट्यांचे फ्रीव्हील, चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट. एकाचे गिअर दुसऱ्याच्या हबवर बसत नाहीत.

मामांचे आट्यांचे निघाले. अशा हबात उजवीकडचे छर्रे चक्रांच्या बरेच आत असतात. बाहेरचा ॲक्सल बिनआधाराचा राहतो, दुधाच्या ओझ्याने खड्ड्यात वाकतो. इथे तेच झाले होते. म्हणजे नुसता ॲक्सल बदलायचा, बाकी सगळे आहे तेच.

हबच बदलायची वेळ आली तर मागच्या चिमट्यातली जागा आतून आत मोजा. सात गिअरच्या हबला बहुधा 126 किंवा 135 मिलीमीटर लागते. साध्या सायकलीचा चिमटा त्याहून अरुंद असतो. तो ताणून हब कोंबू नका.

आणि मुठीवरचा खटका. सात चक्रांना सातच खटके हवेत. मी स्वतः एकदा 'एक जास्तीचा बरा' म्हणून आठचा घेतला होता! शिमानोच्या सात गिअरमध्ये चक्राचक्रांत 5 मिलीमीटर अंतर, आठमध्ये 4.8. फरक नखाएवढाही नाही, पण सहा उड्यांत 1.2 मिलीमीटर साचतो आणि चेन दोन चक्रांच्या मध्ये खडखडत बसते. चेनही निराळी असते. साधीची आतली रुंदी 1/8 इंच, गिअरचीची 3/32.

राहिले दूध. त्याला गिअर कशाला? पंपाची पुली बदलतो तेच गणित. पुढे 44 दाते, मागे 18, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे 2.4 वेळा फिरते. मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील घातले तर दोनच वेळा. वेग घटतो, पण चढाला आणि समोरच्या वाऱ्याला पाय कमी भरतात. चेन तेवढी थोडी वाढवावी लागते.

मामांनी जुनी सायकल बाहेर काढली आहे. सोलापूरला सामान आणायला जाताना मोडका ॲक्सल पिशवीत बरोबर घ्या म्हणून सांगितले आहे. लांबी आणि आटे त्याच्याशीच ताडून पाहायचे.