ताई, तुम्ही सावलीत बसा

दसऱ्याला गाडीची पूजा होते तेव्हा हार हँडलला जातो, कुंकू पुढच्या पत्र्याला लागते आणि लिंबू चाकाखाली ठेवतात. खंडेनवमीला मिस्त्री लोक पाने, पक्कड, हातोडे ओळीने मांडून त्यांच्यावर झेंडू वाहतात. ब्रेकला मात्र कोणी फूल वाहिलेले मी आजवर पाहिले नाही. गाडी पळते ह्याचे आपल्याला कौतुक. ती थांबते हे आपण गृहीत धरूनच चालतो. फराळाचे ताट पुढे असताना ही बाई ब्रेकचे कुठे काढून बसली, असे वाचकांना वाटेल. पण एरवी ह्या पानावर मला दीड वीत जागा मिळते. दिवाळी अंकात ऐसपैस मांडी घालता येते, म्हणून हा विषय मुद्दाम राखून ठेवला होता. शिवाय ह्याच दिवसांत निम्मा महाराष्ट्र भाऊबीजेसाठी दुचाकीवरून घाट चढत-उतरत असतो.

ब्रेकचे काम निघाले की घराघरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, गॅरेजमध्ये द्या, पैसे टाका, मोकळे व्हा. आमचे हे ह्या पक्षाचे. दुसरा म्हणतो, चार नट सोडवायला पैसे कशाला मोजायचे? आमच्या महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हे ह्या पंथाचे कडवे अनुयायी. माझे वडीलही त्याच पंथातले होते. पण त्यांच्या वेळची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे चेतक होती. १९७२ साली निघालेली ती स्कूटर पुढे बंद झाली. आता त्या नावाची निघते ती विजेवर चालते. जुन्या चेतकचे मागचे चाक काढणे म्हणजे काही विशेष नव्हते. पाच नट सोडवले की चाक हातात यायचे. मग मधला मोठा नट, त्यातली खिळ, आणि ड्रम बाहेर. दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी अंगणात जुने वर्तमानपत्र पसरून दादा हा सोहळा करीत. आम्हां मुलांकडे नट वाटीत सांभाळण्याचे काम असे. आजच्या बिनगिअरच्या स्कूटरचे मागचे चाक काढायचे तर बहुधा आधी सायलेन्सर काढावा लागतो आणि मग आसाचा असा एक नट, की तो सैल करायला लांब दांड्याचा पाना आणि माणसाच्या अंगात रेड्याचे बळ लागते. दादांच्या काळचा हिशेब आज तसाच्या तसा लावून चालत नाही.

पैशाचा हिशेबही लोक समजतात तसा नाही. ब्रेक शू तुम्ही दुकानातून आणा की मिस्त्री आणो, किंमत जवळपास तीच. वाचते ती मजुरी, आणि ती किती, तर शंभर-दोनशे रुपये. प्राध्यापकमहाशयांनी गेल्या वर्षी स्वतःच्या हाताने मागचे शू बदलले. काम चोख केले, ह्यात शंका नाही. पण त्यापायी पान्यांचा संच आणला, गाडी उभी करायचा घोडा आणला, आणि अख्खा रविवार खर्ची पडला. दहा वेळा मजुरी देऊन होईल एवढा खर्च झाला असावा. त्यांच्या पत्नीचे ह्यावर काय मत आहे, ते मी विचारले नाही.

आमच्या शेजाऱ्यांचा प्रयोग ह्याहून भारी. त्यांचा ब्रेक करकरत होता. दार करकरले की बिजागरीला तेल घालतात, तोच न्याय लावून त्यांनी ड्रमच्या फटीतून शिलाई मशीनचे तेल सोडले. करकर थांबली. तिच्याबरोबर ब्रेकही थांबला, आणि गाडी त्यांच्याच फाटकाला जाऊन भिडली. ब्रेकचे सारे काम घर्षणावर चालते. शूवरच्या लायनरला तेल किंवा ग्रीस लागले की तो टाकूनच द्यावा लागतो. तेल घालायचे ते केबलमध्ये.

हे सगळे मला ठाऊक होण्याचे कारण आमची कन्या. गेल्या वर्षापासून ती पाचगणीला एका शाळेत शिकवते. आम्ही वाईला राहतो. सकाळी पसरणी घाट चढून जायचे आणि संध्याकाळी उतरून यायचे. अंतर सुमारे बारा किलोमीटर, पण दोन्ही गावांच्या उंचीत साधारण साडेपाचशे मीटरांचा फरक. प्राध्यापकमहाशयांनी एकदा चहा पिता पिता पाकिटाच्या पाठीवर गणित मांडून दाखवले. गाडी आणि मुलगी मिळून एकशे सत्तर किलो धरा. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली आणून थांबवायचे, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यात जवळजवळ तीन लिटर पाणी उकळीला येईल! काही भाग वारा नेतो, काही इंजिनाच्या ओढीत जातो; बाकीची सगळी त्या दोन चाकांतल्या ब्रेकने सोसायची. गिअरच्या गाडीला खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनाकडून रोखून धरता येते. बिनगिअरच्या स्कूटरला ती ओढ फारशी मिळत नाही, आणि वेग कमी झाला की क्लच सुटून उरलीसुरली तीही जाते. पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून घाट उतरणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहते, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. त्यांचे सगळेच ब्रेकवर.

तर मागच्या ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, तिच्या गाडीचा डावा ब्रेक दाबला की मुठीला टेकू लागला. मी गाडी गावातल्याच एका गॅरेजात नेली. मालक अगत्याने म्हणाले, "ताई, तुम्ही सावलीत बसा, चहा सांगतो." खुर्ची आली, चहा आला. ऊन कडक होते, माझ्याजवळ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, मी बसले. तासाभराने गाडी तयार. चिठ्ठीवर लिहिलेले: ब्रेक शू एक जोडी, मजुरी. मी म्हटले, "जुने शू द्या." ते म्हणाले, "ते भंगारात गेले ताई, त्यांचे काय करणार तुम्ही?" ब्रेक दाबून पाहिला तर उत्तम लागत होता.

संध्याकाळी प्राध्यापक आले. त्यांना गाडी दिसली की वाकून पाहण्याची खोड आहे. मागच्या चाकाजवळ ब्रेकचा जो दांडा असतो, त्याच्या मुळाशी पुष्कळ गाड्यांना एक बाण असतो आणि शेजारच्या धातूवर एक खूण. ब्रेक दाबून धरला की बाण सरकतो. लायनर नवा असेल तर तो खुणेपासून चांगला लांब राहतो. जसजसा लायनर झिजतो तसतसा जवळ येतो. खुणेला टेकला की शू बदलायचे. त्यांनी मला ब्रेक दाबायला सांगितले. बाण खुणेला अगदी लागून उभा! म्हणजे शू जुनेच. नुसता केबलचा नट आवळून दिलेला. नट आवळला की ब्रेक वरच लागतो आणि गिऱ्हाईक खूश होते. घाटात तो लायनर किती दिवस पुरला असता, हे मला ठाऊक नाही, आणि त्या रात्री मी त्याचा विचार करीत बराच वेळ जागी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन पुन्हा त्याच दारात. बाण दाखवला. मालकांनी एकदा बाणाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पोराकडून राहिले असेल."

मराठी शिकवण्यात वीस वर्षे गेल्यामुळे असे वाक्य कानावर आले की मी कर्ता शोधू लागते. "राहिले." काय राहिले? तर काम. करायचे कोणी होते? ते वाक्यात नाही. अपघाताच्या बातम्यांतही हेच. "ब्रेक लागला नाही." व्याकरणाने पाहिले तर इथे ब्रेक हाच कर्ता. ज्याने तो दाबला तो चालक, ज्याने बसवला तो मिस्त्री, आणि ज्याने सहा महिने त्याच्याकडे पाहिले नाही तो गाडीचा धनी, तिघेही वाक्याबाहेर सुखरूप उभे! आपली भाषा अशा वेळी फार मायाळूपणे वागते. एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात असे लिहिले तर मी त्याला गुण देईन. गॅरेजात पैसे देणार नाही.

पण पुढचे सांगायला हवे, नाहीतर त्या पोरावर अन्याय होईल. मालकांनी पुन्हा सावलीकडे हात केला. मी म्हटले, "मी इथेच उभी राहते." पोरगा असेल विशीचा. आधी तो अवघडला. पण मी हलत नाही असे पाहिल्यावर खुलला. "हे बघा ताई," म्हणून त्याने चाक काढून आतले सगळे दाखवले. दोन अर्धगोल शू, त्यांना ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा, आणि मध्ये तो लहानसा कॅम, जो फिरला की शू पसरून ड्रमला घासतात. लायनर पातळ पापडासारखा झाला होता. तो आतल्या काळ्या भुकटीवर फुंकर मारणार तेवढ्यात मी त्याला थांबवले आणि ओले फडके मागितले. जुन्या लायनरांत ॲसबेस्टॉस घालीत असत, आणि कशात ते आहे हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही; ती धूळ छातीत जाणे वाईट. हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. मग त्याने नवे शू बसवले, कॅमला बोटाच्या टोकाएवढेच ग्रीस लावले, आसाचा तो राक्षसी नट आवळला, चाक फिरवून कानाने ऐकले, एक आटा सैल केला, पुन्हा ऐकले. सगळे मिळून अर्धा तास. प्राध्यापकांचा रविवार मला आठवला. हे जे कानाने ऐकणे आहे, त्याचे पैसे द्यायला मी एका पायावर तयार आहे.

तेव्हापासून आमच्या घरी वाटणी ठरली आहे. जे बघण्याचे आहे ते घरी. जे उघडण्याचे आहे ते गॅरेजात, आणि उघडताना आमच्यापैकी कोणीतरी तिथे उभे. कन्या दर रविवारी ब्रेकच्या दांडीची मोकळी चाल बघते. तिच्या गाडीच्या पुस्तिकेत दहा ते वीस मिलिमीटर दिली आहे. जास्त झाली तर मागचा नट ती स्वतः अर्धा-अर्धा आटा फिरवते. त्या नटाला एक खाच असते, ती दांड्यातल्या पिनेवर नीट बसली पाहिजे. आणि शेवटी चाक हाताने फिरवून ते घासत नाही ना, हे पाहायचे. बाण बघते. पुढच्या डिस्कच्या पॅडवर झिजेची खाच उरली आहे का, बघते. ह्या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. एका पान्यापलीकडे हत्यार लागत नाही.

डिस्कच्या ब्रेक ऑइलला मात्र ती हात लावीत नाही, आणि मीही लावू देत नाही. ते ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे. ते हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ जातीचे कोरे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असे प्रमाण आहे. ओल शोषलेल्यासाठी तेच प्रमाण १५५ अंशांवर येते. घाटात ब्रेक तापला आणि ते आतल्या आत उकळले, की नळीत वाफ होते; वाफ दबते, मग दांडी दाबली तरी जोर पॅडपर्यंत पोचत नाही. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे, आणि नळीतली सगळी हवा काढायची. तो 'एअर काढण्या'चा प्रकार घरी करणारे आहेत. पण एक बुडबुडा आत राहिला तर तो अंगणात कळेलच असे नाही. शिवाय ते रंगावर सांडले की रंग उतरतो. इथे मी आमच्या ह्यांच्या पक्षाची. फक्त पैसे टाकून मोकळे व्हायचे नाही. नव्या डब्याचे सील आपल्यासमोर फोडायला लावायचे.

आणि पक्के बिल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. मी बिल मागितले की मालक हसतात, म्हणतात, "ताई, तुम्ही मास्तरीण शोभता." हसोत बापडे. आता त्यांच्याकडे सावलीतली खुर्ची रिकामी असते. गेल्या महिन्यात मी गेले तर दोन बायका आणि एक आजोबा उघड्या चाकाभोवती वाकून उभे होते, आणि तो पोरगा त्यांना बाण दाखवीत होता.

जुने शू वर्तमानपत्रात गुंडाळून तो आपणहून पिशवीत टाकतो. ते आमच्या कोनाड्यात पडून आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी कन्येने ब्रेक ऑइलची तारीख लिहिली आहे. ती येत्या माघात येते.