आधी वही, मग यंत्र

खो-खो म्हटलं की धाराशिवकराची छाती फुगते, आणि फुगावीच. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार सारिका काळे इथलीच. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिच्या मागून मैदानात उतरलेल्या पोरींच्या डोक्यांची काळजी आता संगणकावर सोपवावी, असं म्हणणारे भेटू लागले आहेत.

त्यांचं म्हणणं असं: डोक्याला किती जोराचे धक्के बसतात, पूर्वी कधी मार लागला होता का, तोल कसा आहे, ही माहिती यंत्राला शिकवायची. मग मेंदूला हादरा, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत कन्कशन, होण्याचा धोका कोणाला जास्त हे ते आधीच सांगेल. अमेरिकेत तिथला हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांच्या हेल्मेटमध्ये सेन्सर बसवून असे प्रयोग झाले आहेत. जिथे मेंदूचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर नाही, तिथे तर यंत्र हवंच. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण घोळ मुळातच आहे. यंत्र नोंदींवर शिकतं. आपल्याकडे नोंद कुठे आहे? सूर मारताना पोरीचं डोकं खांबावर आपटलं, की तोंडावर पाणी मारायचं, ‘काही होत नाही, ऊठ’ म्हणायचं, आणि पुढच्या डावाला ती पुन्हा पळत असते. बहुतेक हादऱ्यांत शुद्ध हरपत नाही. सीटी स्कॅनमध्येही सहसा काही दिसत नाही. डोकं ठणकतंय, अंधारी येतेय, हे तिने सांगावं तेव्हा कळणार. आणि संघातून बसवतील, घरचे खेळच बंद करतील, या धास्तीने ती सांगत नाही. जे वहीत नाही ते यंत्राच्या लेखी घडलेलंच नाही. असं यंत्र उद्या बेलाशक सांगेल, की धाराशिवच्या मुली जगात सर्वांत सुरक्षित!

बाहेरचं तयार यंत्र आणू म्हणाल, तर ते मुख्यतः हेल्मेट घातलेल्या पुरुषांवर शिकलेलं. खो-खोत हेल्मेट नाही; हुलकावण्या आहेत, सूर आहेत, सव्वा मीटर उंचीचा खांब आहे. शिवाय सॉकरसारख्या, मुलं-मुली दोघंही खेळतात त्या खेळांत मुलींना हादरे जास्त बसतात, असं अभ्यासांत दिसलं आहे.

आता साधा हिशेब. समजा, हजार खेळाडूंपैकी 10 जणींना हंगामात हादरा बसणार आहे. यंत्राने त्यातल्या 9 ओळखल्या आणि उरलेल्या 990 पैकी नव्वद टक्के बरोबर निर्धोक ठरवल्या. ऐकायला झकास! पण बाकी 99 जणींवर उगाच शिक्का बसला. म्हणजे यादीत 108 नावं, त्यात खरी 9. ‘पोरीला मैदानावर कशाला धाडता’ असं ज्या घराला शेजारी विचारतात, त्या घरी ही यादी पोचली की त्या 99 जणींचा खेळ संपलाच समजा.

मग ‘पडल्याशिवाय खेळाडू घडत नाही’ म्हणणाऱ्यांची बाजू घ्यायची? मुळीच नाही. यंत्रवाले निदान डोक्याचा विचार तरी करतात. हे तोही करत नाहीत. 2022 मध्ये अॅमस्टरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांनी घालून दिलेली रीत स्वस्त आहे: नुसता संशय आला तरी बाहेर काढा, त्या दिवशी परत उतरवू नका. एक-दोन दिवस विसावा, आधी शाळा, मग सहा पायऱ्यांनी सराव, आणि पूर्ण खेळाआधी डॉक्टरांची संमती. याला सेन्सर लागत नाही, शिक्षकाचा डोळा लागतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने 2019 पासून हादरा बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू द्यायला सुरुवात केली, तेव्हा दुखणं लपवण्याचं एक मोठं कारण कमी झालं. बाहेर बसलेल्या मुलीची संघातली जागा राखून ठेवली, तर आपल्या पोरीही बोलतील.

त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवलं, दहा-पाच वर्षांच्या वह्या साठल्या, तर यंत्राला शिकायला काहीतरी मिळेल. तेव्हा मी स्वतः त्याच्या बाजूने लिहीन.

तोवर क्रीडाशिक्षकांना एकच विनंती. यंदा तालुका स्पर्धेला निघताना शिट्टीबरोबर एक वही घ्या आणि पहिल्या पानावर रकाने आखा: तारीख, डोकं कशावर आपटलं, पोर काय म्हणाली, कोणी तपासलं, पुन्हा कधी उतरली.