शिंजिराचा खरा रंग कोणता?

साडी घेताना दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवू नये, हे आमच्याकडच्या गृहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. साडी कितीही पसंत पडो, तिचा पदर हातात धरून त्या दुकानाच्या पायरीपर्यंत येतात, उन्हात तो दोनदा उलटसुलट करून पाहतात आणि मगच पैशाची गोष्ट काढतात. रंग जितका कापडात असतो तितकाच उजेडातही असतो, हा प्रकाशशास्त्रातला धडा त्यांनी पुस्तक न उघडता गिरवलेला आहे. आम्हा प्राध्यापक मंडळींना मात्र त्यासाठी एका वीतभरही नसलेल्या पक्ष्याकडे शिकवणी लावावी लागली!

हा पक्षी म्हणजे जांभळा शिंजीर. कोणी त्याला सूर्यपक्षीही म्हणतात. आमचे लोणखेडे शहाद्याला लागून, उत्तरेला सातपुडा. फाल्गुनात पळस पेटला की त्याच्या फुलांतला मध चाखायला हे शिंजीर हजर होतात. गेल्या साली महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी नर शिंजिराची दोन छायाचित्रे आली. झाड तेच, फांदीही जवळजवळ तीच. एकात पक्षी काळा कुळकुळीत, तर दुसऱ्यात त्याचा गळा मोरपिशी आणि छाती जांभळी, जणू नुकतीच कल्हई केलेली! दुसरे चित्र पाड्यावरून येणाऱ्या एका मुलाने मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर फ्लॅश लावून घेतले होते. निवड समितीतल्या एका गृहस्थांनी ते पाहताच निकाल दिला, "हा रंग संगणकावर चढवलेला आहे. असली लबाडी आपल्या अंकात नको."

मुलगा एवढेच म्हणाला, "सर, मी रंगाला हातसुद्धा लावलेला नाही."

चित्र परत जाणे वेगळे आणि अंगाला लबाडीचा डाग लागणे वेगळे. म्हणून मी पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना पाचारण केले. त्यांनी व्याख्यान दिले नाही. कोणाच्या तरी टेबलावरच्या फुलदाणीतले मोरपीस घेतले, त्यावर एकदा समोरून आणि एकदा बाजूने फ्लॅश टाकून दोन छायाचित्रे घेतली आणि ती आम्हापुढे ठेवली. पहिल्यात डोळा निळाहिरवा झळकत होता. दुसऱ्यात तो मंद, काळपट. पीस तेच, कॅमेरा तोच, आणि संगणक तर खोलीतही नव्हता!

गोष्ट अशी की, शिंजिराच्या त्या पिसांत जांभळा रंग नावाचे द्रव्यच नसते. असते ते मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांना काळेपणा देणारे द्रव्य. त्याचे अतिसूक्ष्म कण पिसात थरांनी रचलेले असतात. या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. जी उरते तिचा रंग आपल्याला दिसतो. कोन बदलला की रंग सरकतो, आणि प्रकाश आपल्याकडे परतलाच नाही तर उरतो निव्वळ काळा. रॉबर्ट हूकने १६६५ सालीच मोराच्या पिसाला पाणी लावून पाहिले होते, तेव्हा त्याचे रंग उडाले होते. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात त्या चास पक्ष्याच्या निळ्या पिसांचे कोडे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३४ साली उलगडायला घेतले. आणि अमेरिकेतल्या हमिंगबर्ड या पक्ष्यांसाठी ड्यूपाँट कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी खास वेगवान फ्लॅशची यंत्रणा सिद्ध केली. त्यांचा सचित्र ग्रंथ १९६० साली निघाला. एवढ्या मोठ्या कंपनीचा कारभार पाहून पक्ष्यांमागे धावायला सवड कशी मिळते, हे कोडे मात्र कोणत्याही थराने सुटत नाही!

ज्यांच्या घरी छायाचित्रणाचा नाद शिरला आहे त्यांच्यासाठी आमच्या सहकाऱ्यांनी सांगितलेल्या चार युक्त्या देतो. फ्लॅशचा उजेड साधारण दुपारच्या उन्हासारखा असतो, सावलीतला उजेड निळसर, तर सायंकाळचा पिवळसर. दोन्ही मिसळले की कॅमेरा गोंधळतो. म्हणून पक्षी यायच्या आधी त्याच फुलाजवळ करड्या रंगाचे कार्ड धरून त्याच फ्लॅशमध्ये एक छायाचित्र घ्यावे आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स पक्का करावा. एकच उघडा फ्लॅश असला तर गळ्यावर एक ठिपका लखलखतो आणि बाकी पक्षी अंधारात राहतो. तोच उजेड पांढऱ्या छत्रीवरून किंवा थर्मोकोलच्या तक्त्यावरून परतवला की झळाळी सर्वांगावर पसरते. प्रकाश किंचित कमी ठेवावा, नाहीतर जांभळ्याचा सपाट डाग होतो. आणि घरट्याजवळ फ्लॅश मुळीच नको. रंगापेक्षा पिल्ले महत्त्वाची.

समितीपुढचा प्रश्न त्या मोरपिसाने निकालात काढला. ते गृहस्थ स्वतः उठून मुलापाशी गेले आणि म्हणाले, "बाळ, मी घाईने बोललो." दोन्ही चित्रे शेजारीशेजारी छापली. खाली कोणते खरे आणि कोणते खोटे असे लिहिले नाही. उजेड कोणत्या बाजूने होता तेवढे लिहिले.

तरीही एक शंका उरतेच. आपला डोळा तीन मूळ रंगांवर संसार करतो, आणि कॅमेराही आपल्याच घरातला. पक्ष्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचा चौथा प्रकार असतो, आणि आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही पुष्कळ पक्ष्यांना दिसतात. तेव्हा शिंजिराचा खरा रंग कोणता, हे विचारायचेच असेल तर त्याच्या मादीला विचारावे. ही सारी आरास तिच्यासाठी आहे. मात्र तिला दिसणारा रंग छापण्याची शाई अजून कोणत्याही छापखान्यात आलेली नाही!