तीन मिनिटांचं अंतर

चिंचणीहून तलासरी किती लांब? नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ रेषेत जेमतेम ३५-४० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला एवढ्यासाठी तीन मिनिटं पुरतील. पण आपण जमिनीवरची माणसं. आधी वाणगाव किंवा डहाणू, मग चारोटी नाका, मग महामार्ग. एसटी चुकली की टमटम, आणि ती भरेपर्यंत थांबणं आलंच. तलासरीला तर रेल्वे स्टेशनही नाही. आणि पाडा महामार्गापासून आत असेल, तर त्यापुढे पायपीट!

म्हणून मला वाटतं, बाईच्या बाबतीत अंतर किलोमीटरमध्ये मोजूच नये, वेळेत मोजावं. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव सुरू झाला, तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. डहाणूला उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. तरी केस अवघड झाली की अनेकदा सिल्वासा नाहीतर वलसाड गाठावं लागतं. आपल्या जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आजही बाळंतिणीला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. ते दोन तास घरातच सुरू होतात, गाडी आल्यावर नाही.

'आपलं गावच लांब, त्याला कोण काय करणार,' असं म्हणून आपण गप्प बसतो. पण मैत्रिणींनो, आठवून बघा. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्यापर्यंत जाणं संपलं. गावं होती तिथेच राहिली, तरी अंतर कमी झालं. कारण कुणीतरी मागणी लावून धरली आणि कुणीतरी निर्णय घेतला. मग बाळंतिणीच्या वाटेसाठी ते का होऊ नये?

ग्रामसभेत बायकांनी एकच प्रश्न विचारावा. रात्री दोन वाजता आपल्या पाड्यावरून निघालं, तर सिझेरियन आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो? उत्तर लिहून घ्यावं. दोन तासांच्या वर आलं, तर रस्ता, रुग्णवाहिका, डॉक्टर यातलं नेमकं काय कमी पडतंय, तेही लिहून घ्यावं आणि पुढच्या सभेत त्याचाच जाब विचारावा.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. आठव्या महिन्यातच आशाताईंशी बोलून दवाखाना आणि गाडी ठरवून ठेवायची. १०८ नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. आदिवासी भागासाठी 'माहेरघर' योजना आहे, त्यात बाळंतपणाच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळ राहता येतं. आपल्या केंद्रात ती सोय चालू आहे का, ते विचारून घ्यायचं. सासूबाई 'आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं' म्हणाल्या, तर त्यांनाही सोबत घेऊन जायचं. त्यांच्या वेळी वाटेतच गेलेल्या बायका त्यांनाही आठवत असतीलच.