"एवढं काय, कोंबडीच तर होती!"



आज एका अंड्याची गोष्ट सांगते आणि त्यावरून माझं मत मांडते. मत पटलं नाही तरी चालेल, पण गोष्ट वाचा. त्यातली चूक माझी आहे आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून लिहिते आहे.

थंडीचे दिवस होते. तिसरीची हजेरी झाली आणि मी गुणाकार घ्यायला लागले. दुसऱ्या रांगेतला एक मुलगा (त्याला आपण गणू म्हणू, नाव बदललं आहे) एक हात दप्तरात घालून बसला होता. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, हात काही बाहेर येईना. मी चिडून जवळ गेले. त्याने दप्तरातून लोकरीची कानटोपी काढली. तिच्यात एक अंडं गुंडाळलेलं होतं. म्हणाला, "बाई, गार पडेल."

मग हळूहळू कळलं. आदल्या रात्री खुराड्याची कडी लावायची राहिली होती. कडी लावणं हे गणूचं काम. रात्री रानमांजर शिरलं. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती पळतही नाही. सकाळी तीन कोंबड्या आणि एक कोंबडा मेलेला. त्यात त्याची लाडकी कवडी होती. ती नऊ दिवसांपासून खुडूक बसली होती. तिच्याखालची बाकीची अंडी फुटली, हे एक राहिलं.

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. मीसुद्धा काय म्हणाले? "अरे, एवढं काय, कोंबडीच तर होती. आई दुसरी आणेल." त्याचा चेहरा बघितला आणि मला वाईट वाटलं, म्हणून मी आणखी मोठी चूक केली. म्हणाले, "ठेव उबेला, निघेल पिल्लू."

मला माहीत होतं की कानटोपीत अंडं उबत नाही. त्याला साधारण साडेसदतीस अंशांची ऊब लागते, तीही जवळजवळ सतत, २१ दिवस. पण गणूने माझ्यावर विश्वास ठेवला. २१ वजा ९, बरोबर १२. घरच्या कॅलेंडरवर त्याने बारा खुणा केल्या. तेराव्या दिवशी तो माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. अंडं हलवलं की आतून डुचमळत होतं. म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणाला होतात."

हे दुःख आपल्याला लहान का वाटतं?

त्या दिवसापासून मी विचार करते आहे. आपण काही निर्दय माणसं नाही. घरचा बैल गेला तर त्या घरात चूल पेटत नाही. बैलाला आपल्याच शेतात पुरतात, शेजारीपाजारी भेटायला येतात. पोळ्याला आपण बैलाला ओवाळतो, त्याला पुरणपोळी खाऊ घालतो. मग कोंबडी मेली की "पिशवीत घाल आणि टाकून ये" असं का?

मला वाटतं, कोंबडी लहान आहे एवढंच कारण नाही. खेड्यात बैल घरधन्याचा असतो, कोंबड्या बाईच्या आणि पोरांच्या असतात. सकाळी डालगं उचलणारी आई असते, कण्या टाकणारी पोरगी असते, संध्याकाळी मोजून आत घेणारा पोरगा असतो. गावठी अंडी विकून आलेल्या पैशांत तेल-मीठ येतं, वही-पेन येतं, सहलीची वर्गणीसुद्धा येते. हे पैसे कुठल्या हिशोबाच्या वहीत लिहिले जात नाहीत. म्हणून नुकसान झालं तर तेही कुठे लिहिलं जात नाही, आणि त्यामागचं दुःखही कुणी धरत नाही. चार कोंबड्या गेल्या तेव्हा गणूच्या आईचंही मोठं नुकसान झालं होतं. तिला मी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

काहीजण म्हणतील, "मॅडम, गावातल्या मुलांना मरण नवीन नाही. ती कणखर असतात." खरं आहे, ती बघतात पुष्कळ. पण बघितलेल्या गोष्टीवर त्यांच्याशी कुणी बोलत नाही. मूल गप्प बसलं की आपण समजतो, विसरलं.

खोटं बोलून दुःख टळत नाही

डी.एड.ला आपण बालमानसशास्त्र शिकलो, पियाजेच्या अवस्था पाठ केल्या. पण मूल मरण कसं समजून घेतं, याचा वर्गात आपण क्वचितच विचार करतो. मारिया नॅगी यांनी बुडापेस्टमधल्या ३ ते १० वर्षांच्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यातली सर्वांत लहान मुलं मरण म्हणजे कुठेतरी जाणं किंवा झोपणं असं समजत होती. म्हणजे गेलेलं परत येईल, झोपलेलं उठेल. मेलेलं परत येत नाही आणि त्याचं शरीर कायमचं थांबतं, हे मुलांना हळूहळू उमगतं.

आता आपण काय करतो बघा. "कवडी मामाच्या गावाला गेली." "कवडी झोपली." जो गैरसमज जायला हवा, तोच आपण पक्का करतो. मग मूल मामाच्या गावाला गेलं की कोंबडी शोधतं. किंवा रात्री झोपायला घाबरतं.

साधं सांगा. "कवडी मेली. आता ती श्वास घेत नाही, तिला भूक लागत नाही, तिला दुखत नाही. ती परत येणार नाही. मलाही वाईट वाटतंय." घरात देवाघरी गेली म्हणण्याची पद्धत असेल तर जरूर म्हणा, पण "परत येणार नाही" हे वाक्य गाळू नका. परिसर अभ्यासात आपण सजीव-निर्जीव शिकवताना फळ्यावर लिहितो की सजीव जन्मतात, वाढतात, मरतात. मग मुलाच्या अंगणात तेच घडलं की आपण का घाबरतो?

चार प्रकारे जाते, चार प्रश्न मागे ठेवते

कोंबडी कशी गेली यावर मुलाचा प्रश्न ठरतो. सगळ्यांना एकच उत्तर चालत नाही.

१) जनावराने नेली तर मुलाचा प्रश्न असतो, "माझी चूक का?" बहुतेक वेळा चूक नसते, तेव्हा तसं स्पष्ट सांगा. पण गणूसारखी कडी खरंच राहिली असेल तर? "तुझी काही चूक नाही" म्हटलं तर मुलाला ते खोटं आहे हे कळतं. आणि "तुझ्यामुळे मेल्या" म्हणणं तर फारच क्रूर. माझ्या मते पूर्ण खरं सांगावं. कडी राहिली, हे खरं. कोंबड्या रानमांजराने मारल्या, तू नाही, हेही खरं. आणि आठ वर्षांच्या मुलावर ते काम सोपवून मोठ्यांपैकी कुणी रात्री उठून बघितलं नाही, हेही तितकंच खरं. ही तिन्ही वाक्यं एकत्र सांगायची.

२) रोगाने गेली तर प्रश्न असतो, "अशी कशी मेली?" आपल्याकडे मानमोडी म्हणजे राणीखेत हा रोग येतो. मान वाकडी होते, पक्षी धापा टाकतो, हिरवट पातळ हगवण लागते, बघता बघता खुराडं रिकामं होतं. हा विषाणूचा रोग आहे. तो झाल्यावर औषध नाही, आधी लस आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, आणि ६ ते ८ आठवड्यांनी आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. नजर लागली, कुणी करणी केली, असं मुलांच्या कानावर पडत असेल तर खरं कारण सांगणं हे शिक्षकाचं काम आहे.

३) सरकारी पथकाने नेली तर प्रश्न असतो, "माझी तर बरी होती, मग का मारली?" हा सर्वांत अवघड. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला. देशात कोंबड्यांमध्ये त्याची ती पहिलीच नोंद. तेव्हा पोल्ट्रीतल्या कोंबड्यांबरोबर परिसरातल्या घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. अशा वेळी मुलांना सांगावं लागतं की रोग दिसायच्या आधीच पसरतो, तो माणसालाही होऊ शकतो, म्हणून असं करतात. कारण पटलं तरी रडू येणारच. कारण सांगून झालं म्हणून "आता रडू नको" म्हणू नका.

४) घरच्यांनीच कापली तर प्रश्न असतो, "तुम्हीच का?" पाहुणे आले, आणि मूल शाळेतून येईपर्यंत त्याची कोंबडी ताटात. यात मी कुणाच्या खाण्यावर बोलत नाही. कोंबडी सांभाळायची, जीव लावायचा आणि खायचीही, असं कितीतरी घरांत चालतं. पण आधी सांगा. ज्या कोंबडीला मुलाने नाव ठेवलं आहे ती शक्यतो सोडा. खायचा किंवा बघायचा आग्रह करू नका. आणि मुलगा रडला तर "बायल्या" म्हणून चिडवू नका. तो शब्द पोरं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

निरोप द्या, पण काळजी घेऊन

मेलेल्या कोंबडीला मुलांना हात लावू देऊ नका. मोठ्यांनी हातात पिशवी किंवा मोजे घालून, घरापासून आणि विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात चुना टाकून ती पुरावी. ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, कुत्र्याला घालू नये. एकदम जास्त कोंबड्या मेल्या तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. खड्डा बुजवल्यावर मुलाला वरून फूल ठेवू द्या, दगड ठेवू द्या. मग साबणाने हात धुवा. पाच मिनिटांचं काम आहे. एवढ्याने मुलाला कळतं की आपल्या कोंबडीला घरात काही किंमत होती.

लगेच दुसरी कोंबडी आणायची घाई करू नका. घर चालवायला लागते, मान्य आहे. पण ती "कवडीच्या बदल्यात" आणली असं मुलाला सांगू नका. दुसरी कोंबडी आहे, तिला दुसरं नाव हवं.

वर्गातही थोडं करता येतं. त्या मुलाला विचारा, "कशी होती तुझी कोंबडी?" ऐकून घ्या. लिहावंसं वाटलं तर चार ओळी लिहू द्या, आणि त्यातलं शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नका.

आमच्या वर्गाने नंतर आणखी एक गोष्ट केली. मुलांनी घरोघर जाऊन कोंबड्या मोजल्या, तक्ता केला, बेरीज केली. कारण लसीची एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि फोडल्यावर थोड्याच वेळात संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी एकटं घर ती आणत नाही. वाडीचा एकत्र आकडा दवाखान्यात दिला तर काम होतं. गणिताचा तासही झाला. आपल्या हातात काहीच नव्हतं असं वाटणाऱ्या मुलांना हातात काहीतरी मिळालं.

गणूचं काय झालं?

तेराव्या दिवशी मी त्याला शाळेच्या मागे घेऊन गेले. आम्ही ते अंडं पुरलं. मी त्याला सांगितलं, "कवडी गेली तेव्हाच हे अंडं गार पडलं होतं. यातून पिल्लू निघणार नाही हे मला माहीत होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले. माझं चुकलं."

त्याने विचारलं, "मग का बोलला तुम्ही?"

"तुला रडताना बघवलं नाही."

तो जरा वेळ मातीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी तरी रडलोच की बाई."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही हात धुतले आणि वर्गात गेलो. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले, आईशी बोलले, वडिलांशी बोलले. आता कडी दोघं मिळून लावतात. गणू लावतो आणि वडील झोपण्याआधी एकदा ओढून बघतात.

तुमच्या वर्गातही असा हात दप्तरात घालून बसलेला एखादा असेल. ओरडायच्या आधी जवळ जाऊन विचारा, आत काय आहे.