कॅन्सर पेशीतलं ‘म्यूट’ बटण आणि सोलापूरचं डे-केअर

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तीन वर्षांत कॅन्सर डे-केअर केंद्र, त्यातली 200 केंद्रं 2025-26 मध्येच, अशी घोषणा फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. सोलापूरसाठी ही बातमी किती मोठी आहे, हे मला मेथिलेशनमुळे जास्त कळतं.

मेथिलेशन म्हणजे काय? डीएनएवर ‘मेथिल’ नावाचा छोटासा रासायनिक टॅग चिकटतो आणि ते जनुक म्यूट होतं. ॲप फोनमध्ये असतं, पण उघडत नाही. एएमएलसारख्या ब्लड कॅन्सरमध्ये पेशींची वाढ रोखणारी काही जनुकं अशीच गप्प होतात.

पण त्या जनुकांचा कोड शाबूत असेल, तर टॅग काढता येतो! ॲझासिटिडीन हे औषध तेच करतं. अमेरिकेत त्याला 2004 मध्ये मंजुरी मिळाली. मात्र पेशी विभागताना नव्या डीएनएवर टॅग लागू न देणं, ही त्याची पद्धत. त्यामुळे परिणाम हळूहळू दिसतो. साधारण 28 दिवसांतले 7 दिवस इंजेक्शन, असे अनेकदा चार-सहा महिने. पहिल्याच महिन्यात ‘फरक नाही’ म्हणून स्वतःहून थांबलात, तर नुकसान तुमचंच.

बहुतेकदा यासाठी ॲडमिट व्हावं लागत नाही. पण अक्कलकोटच्या शेतमजुराने दर महिन्याला आठवडाभर पुणे-मुंबई कसं करायचं? बार्शीत कॅन्सर हॉस्पिटल आहे, पण रोजच्या इंजेक्शनसाठी तेही लांबच.

म्हणून केंद्राच्या उद्घाटनापेक्षा मी तीन गोष्टी बघेन: औषधाचा साठा, रक्ततपासणी आणि गरजेला प्लेटलेट्स.